आवर्तनाचा हिशेब

१९९८ साली मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस होतो. संस्थेचे सगळे व्यवहार संगणकावर न्यायचे ठरले, तेव्हा ठेकेदाराने एक भलामोठा तक्ता आणून व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतीवर लावला. त्यावर सहा रंगांच्या आडव्या पट्ट्या होत्या. पहिली पट्टी गरजांच्या नोंदीची, मग आराखड्याची, मग प्रोग्रॅम लिहिण्याची, असे करत शेवटची पट्टी चौदाव्या महिन्यात संपत होती. दर सोमवारी कोणीतरी जाऊन त्यावर पेन्सिलीने खूण करी. अकरा महिने सगळ्या खुणा वेळेवर पडल्या. पडणारच होत्या, कारण तोवर तयार झाले होते ते फक्त कागद.

बाराव्या महिन्यात काउंटरवर पहिल्यांदा संगणकाचा पडदा उजळला आणि अर्ध्या तासात आमच्या रोखपालांनी विचारले, "पिग्मीचा एजंट संध्याकाळी चाळीस जणांचे पैसे एकदम आणतो, ते कुठे भरायचे?" पैसे खातेदार स्वतःच भरतो, असे प्रोग्रॅमने गृहीत धरले होते. दुसरा प्रश्न आला तो संयुक्त खात्यातला एक धनी वारला आणि वारसनोंद व्हायची राहिली तर काय, याचा. खतावणीत आम्ही तिथे लाल शाईने शेरा मारत असू. पडद्यावर लाल शाईला जागा नव्हती. असे प्रश्न महिनाभर निघत राहिले. पुढे ठेकेदाराने जादा पैसे मागितले, संचालकांनी नाकारले आणि काम बंद पडले.

तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली. निष्कर्ष निघाला की, संगणकीकरणाची जबाबदारी ज्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांवर होती त्यांनी संस्थेच्या गरजा वेळीच आणि पूर्णपणे कळवल्या नाहीत. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. त्यांची वेतनवाढ रोखली गेली. त्या अहवालाखालच्या तीन सह्यांपैकी एक माझी आहे.

मी अभियंता नाही. संगणकशास्त्राचे शिक्षण म्हणाल तर जुन्या बाजारात मिळालेली पुस्तके आणि रात्रीची जागरणे एवढेच. पण नोकरी सोडल्यावर सॉफ्टवेअरच्या इतिहासाकडे मी वळलो तो एका प्रश्नापोटी : त्या गृहस्थांना सगळ्या गरजा आधी सांगता आल्या असत्या का? पुढचे लेखन हा त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

धबधब्याचा गैरसमज

आमच्या भिंतीवरच्या तक्त्यामागे जी पद्धत होती तिला इंग्रजीत 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा म्हणतात. एक टप्पा पुरा झाला की काम खालच्या पायरीवर पडते, वर परत चढत नाही. या पद्धतीचे जनकत्व बहुतेक पुस्तके विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधाला देतात. तो निबंध मी मिळवून वाचला तेव्हा चकितच झालो. रॉइस यांनी पायऱ्यांची आकृती काढली आहे खरी, पण लगेच खाली बजावले आहे की, ही रीत अशीच राबवली तर धोक्याची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे. काम नव्या प्रकारचे असेल तर ते दोनदा करा, पहिली प्रत शिकण्यासाठी, असा त्यांचा सल्ला होता. 'धबधबा' हा शब्द तर त्या निबंधात नाहीच. लोकांनी आकृती घेतली आणि मजकूर सोडला. पुढे १९८५ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका मानकाने याच वळणाची पद्धत ठेकेदारांसाठी रूढ केली आणि ती जगभर पसरली.

आकृती एवढी लोकप्रिय का झाली असावी? मला वाटते, ती ठेका देणाऱ्याच्या सोयीची आहे. इतके काम, इतके महिने, इतके पैसे हे सगळे एकाच कागदावर लिहून सही घेता येते. घर बांधायला दिले तर आपणही असेच करतो. पण घराची भिंत कशी असते हे मालक आणि गवंडी दोघांनाही आधीपासून ठाऊक असते. सॉफ्टवेअरमध्ये भिंत पाहिल्यावरच मालकाला उमगते की, इथे खिडकी हवी होती.

धबधब्यात काम रखडले की आणखी माणसे लावणे हा पहिला उपाय सुचतो. तोही फसवा आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात अनुभवाचा निचोड मांडला : उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो. त्यामागचे गणित सोपे आहे. दहा माणसांनी एकमेकांशी बोलायचे तर ४५ जोड्या होतात, पन्नास माणसांच्या १,२२५. नव्याला शिकवायला जुन्याचे हात गुंततात ते वेगळेच.

फेऱ्यांची जुनी परंपरा

लहान लहान फेऱ्यांत काम करण्याची पद्धत म्हणजे अलीकडची फॅशन, असा समज आमच्या पिढीत आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेच्या मर्क्युरी या पहिल्या समानव अंतराळ मोहिमेसाठी १९६०च्या दशकाच्या आरंभी काम करणारे प्रोग्रॅमर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या करीत. आधी चाचणी लिहायची, मग ती पार करणारा प्रोग्रॅम.

त्याहून बोलके उदाहरण स्पेस शटलचे. त्याच्या मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअरचे काम आयबीएमच्या एका विभागाकडे होते. १९७७ ते १९८० या काळातल्या ३१ महिन्यांत ते १७ फेऱ्यांमध्ये झाले. एक फेरी सरासरी आठ आठवड्यांची. माणसांचे प्राण ज्यावर अवलंबून, ते काम तरी आधी पूर्ण आराखडा करून मगच केले असेल, असे आपल्याला वाटते. पण यान स्वतःच घडत होते, त्याच्या गरजा दर काही महिन्यांनी बदलत होत्या. सॉफ्टवेअरवाल्यांना यानाच्या बरोबरीनेच चालणे भाग होते.

याचा अर्थ फेऱ्या केल्या की चूक राहत नाही, असा मात्र नाही. १० एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया यानाचे पहिले उड्डाण ऐनवेळी थांबवावे लागले. चार मुख्य संगणक आणि पाचवा राखीव संगणक यांच्या काळमोजणीचा मेळ बसेना. दोष अतिसूक्ष्म होता आणि तो मागच्या एका छोट्या बदलातून शिरला होता. तो सापडला आणि दोन दिवसांनी, १२ एप्रिलला, यान झेपावले. इतक्या फेऱ्यांनंतरही एक चूक उरते. चौदा महिन्यांच्या एकाच फेरीत किती उरतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पुढच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी उत्पादननिर्मितीवरच्या लेखात रग्बीच्या खेळाची उपमा वापरली. त्यातूनच 'स्क्रम' हे नाव आले. १९९०च्या दशकात ती पद्धत सॉफ्टवेअरमध्ये रुळली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी 'अजाइल' म्हणजे चपळ या विशेषणाखाली आपला जाहीरनामा मांडला.

आधी पाणी, मग पिके

फेरीसाठी इंग्रजीत 'इटरेशन' हा शब्द आहे. मराठीत मला त्यासाठी 'आवर्तन' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, आणि तो दोन्ही अंगांनी. तबल्यावर तीनताल सोळा मात्रांचा. तान लांबली म्हणून सम पुढे सरकत नाही, गायकालाच तान आवरून समेवर यावे लागते. सॉफ्टवेअरच्या आवर्तनाचा पहिला नियम हाच. लांबी ठरलेली, बहुधा दोन आठवडे. काम मावत नसेल तर काम कापायचे, मुदत ताणायची नाही. आणि समेवर येताना हातात अहवाल नव्हे, चालणारा प्रोग्रॅम असला पाहिजे, मग तो कितीही लहान असो.

दुसरे अंग कालव्याचे. आमच्या भागात पावसाळा संपल्यावर धरणातला साठा पाहतात आणि मग कालवा सल्लागार समिती रब्बीला किती आवर्तने द्यायची ते ठरवते. शेतकऱ्यांची मागणी नेहमीच जास्त असते. पण हिशेबाची सुरुवात मागणीपासून होत नाही, पाण्यापासून होते. आवर्तनाचे नियोजनही असेच चालते. मागच्या दोन-तीन फेऱ्यांत आपल्या गटाच्या हातून किती काम खरोखर पुरे झाले, तेवढेच पाणी धरणात आहे असे समजायचे. कामांची लांबलचक यादी तयार असते आणि ग्राहकाचा प्रतिनिधी तिचा क्रम लावतो. वरून एकेक काम घेत जायचे आणि पाणी संपले की थांबायचे. यादीत खाली राहिलेले काम नाकारलेले नसते, त्याची पाळी आलेली नसते.

कामाचे माप कसे काढतात, ते मला माझ्या भाचीने शिकवले. ती हिंजवडीत एका कंपनीत आहे. एकदा सुट्टीत आली तेव्हा तिच्या पिशवीत पत्त्यांचा एक जोड सापडला. मी चेष्टेने म्हटले, "कंपनीत रमी खेळता वाटतं?"

"मामा, हे अंदाजाचे पत्ते आहेत," ती हसत म्हणाली आणि तिने ते माझ्यापुढे मांडले. १, २, ३, ५, ८, १३. पुढे २०, ४० आणि १००.

तेरापर्यंतची ही ओळ जग फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखते. मात्रावृत्तांच्या अभ्यासकांना मात्र ती आपल्या घरातली वाटेल. लघू एका मात्रेचा आणि गुरू दोन मात्रांचा धरला तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल, या छंदःशास्त्रातल्या प्रश्नाचे उत्तर हीच ओळ आहे. विरहाङ्क आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी ती फिबोनाचीच्या आधी दिली होती.

या आकड्यांमधले अंतर वाढत जाते, त्यात शहाणपण आहे. दोन आणि तीन यांतला फरक माणसाला कळतो. एकवीस आणि बावीस यांतला कळत नाही, कळल्याचा आव मात्र आणता येतो. शिवाय हे आकडे तासांचे नाहीत. 'हे काम त्या कामाच्या साधारण अडीचपट' एवढेच ते सांगतात. तासांचा अंदाज माणूस हमखास चुकवतो, नेहमी कमीच सांगतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला नियोजनाचा भ्रम असे नाव दिले. तुलना करताना तोच माणूस पुष्कळ बरा ठरतो.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती पत्ते उघडण्याची रीत. काम वाचून दाखवतात, प्रत्येक जण आपला पत्ता पालथा ठेवतो आणि मग सगळे एकदम उलटतात. ज्याचा आकडा सर्वांत लहान आणि ज्याचा सर्वांत मोठा, त्या दोघांनी कारण सांगायचे. भाची म्हणाली, "मी नवीन होते तेव्हा सगळ्यांनी तीन टाकला, मी एकटीने तेरा. मला मेल्यासारखं झालं. पण बोलावं लागलंच. त्या जुन्या भागात हात घातला की बिलिंग बिघडतं, हे मला टेस्टिंगमध्ये दिसलं होतं. बाकी कुणाला माहीतच नव्हतं."

ते ऐकताना मला आमचे रोखपाल आठवले. पिग्मीच्या एजंटाची गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यांना बाराव्या महिन्यापर्यंत कोणी विचारलेच नव्हते.

एका गुप्तचर संस्थेची फाइल

लहान गटाला हे जमेल, पण मोठ्या प्रकल्पाचे काय? या प्रश्नाला उत्तर म्हणून मी अमेरिकेच्या एफबीआयचे उदाहरण देतो, कारण तिथले सरकारी तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतात.

एफबीआयला गुन्ह्यांच्या फाइली कागदावरून संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ साली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून सोडून द्यावा लागला. मार्च २००६ मध्ये 'सेंटिनेल' नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. चार टप्पे, एक मोठा ठेकेदार आणि डिसेंबर २००९ ही अखेरची मुदत. २०१०च्या उन्हाळ्यात हिशेब झाला तेव्हा ४५.१ कोटींपैकी सुमारे ४०.५ कोटी डॉलर संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. असेच चालू ठेवले तर आणखी ३५ कोटी डॉलर आणि सहा वर्षे लागतील, असा एका त्रयस्थ संस्थेचा अंदाज होता.

तेव्हा एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतले. ठेकेदाराची माणसे सुमारे २२० वरून ४० वर आणली. ब्रुक्स यांचा नियम इथे उलट्या बाजूने राबवला गेला, असे म्हणता येईल. जाडजूड गरजपत्रकाचे तुकडे करून ६७० छोट्या गोष्टींची यादी केली. 'गोष्ट' हा शब्द मी त्यांच्याच 'स्टोरी'साठी वापरतो आहे : अमुक कर्मचाऱ्याला अमुक करता यावे, कशासाठी, एवढे एका चिठ्ठीत मावणारे. दोन आठवड्यांची २१ आवर्तने आखली. प्रत्येकाच्या अखेरीस जे तयार झाले ते वापरणाऱ्यांपुढे चालवून दाखवायचे.

वाचकांना वाटेल, मग सगळे सुरळीत झाले. तसे झाले नाही. काम सप्टेंबर २०११ पर्यंत संपायचे होते. ती मुदत हुकली. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी प्रणाली वापरून पाहिली तेव्हा ती दोनदा बंद पडली. जुनी यंत्रसामग्री अपुरी पडत होती. नवी बसवावी लागली आणि अखेर १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल देशभर सुरू झाले, तेही मंजूर खर्चाच्या मर्यादेत.

म्हणजे आवर्तनांचे वेळापत्रकसुद्धा जवळजवळ दहा महिन्यांनी चुकले. मग फरक काय पडला? माझ्या मते फरक एवढाच, पण तोच सगळा आहे. पहिल्या पद्धतीत चूक कळायला चार वर्षे लागली, दुसरीत ती दोन-दोन आठवड्यांनी कळत गेली. यंत्रे अपुरी आहेत हे मोठ्या चाचणीत उघडे पडले, देशभर सुरू झाल्यावर नव्हे. नियोजनाचे काम भविष्य अचूक सांगणे हे नाही. आपण कुठे चुकतो आहोत ते स्वस्तात आणि लवकर कळावे, यासाठी नियोजन असते.

लाल दोरे आणि फुगलेले आकडे

गट दहा-बारा असतील तर आणखी एक अडचण येते. एका गटाचे काम दुसऱ्याच्या कामावर अडून बसते. यासाठी बऱ्याच मोठ्या कंपन्यांत दर आठ ते बारा आठवड्यांनी सगळे गट दोन दिवस एकत्र बसवतात. भिंतीवर उभे रकाने आवर्तनांचे, आडव्या ओळी गटांच्या. प्रत्येक गट आपल्या कामांच्या चिठ्ठ्या लावतो आणि कोणाचे काम कोणावर अवलंबून आहे ते लाल दोऱ्याने जोडतो. जिथे दोऱ्यांचा गुंता, तिथे धोका. शेवटी प्रत्येकाने हात वर करून बोटे दाखवायची. पाच बोटे म्हणजे पूर्ण भरवसा. एक-दोन बोटे दाखवणाऱ्याला कारण सांगायला लावतात आणि योजना पुन्हा पाहतात. पुण्यातून अमेरिकेतल्या गटाबरोबर हे करायचे म्हणजे रात्री जागावे लागते आणि दोऱ्याच्या जागी पडद्यावरच्या लाल रेघा येतात.

या पद्धतीचे गुणगान करून थांबलो तर लेखन अपुरे राहील. भाचीनेच मला तिची काळी बाजूही दाखवली. तिच्या आधीच्या ठिकाणी साहेबांनी दर फेरीचे पुरे झालेले गुण मोजून गटागटांची तुलना सुरू केली. "या वेळी चाळीस झाले, पुढच्या वेळी पन्नास." मग गटांनी काय केले? काल तीनाचे असलेले काम आज पाचाचे म्हणू लागले. आकडे वाढले, काम तेवढेच. मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते मोजमाप निकामी होते, हा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. ही गुणपद्धत ज्यांच्यापासून सुरू झाली असे मानतात त्या रॉन जेफ्रीज यांनीही पुढे तिच्या वापराबद्दल खंत व्यक्त केली आहे. धरणातले पाणी मोजायची काठी होती, तिचाच छडीसारखा वापर होऊ लागला.

"दर दोन आठवड्यांनी परीक्षा," भाची म्हणाली, "आणि निकालानंतर सुट्टी नाही." आवर्तनाला तिथे 'स्प्रिंट' म्हणजे जोरकस धाव म्हणतात. धावेमागून धाव घेत राहणाऱ्या माणसाचे काय होते, याचा विचार नाव ठेवणाऱ्याने केला नसावा. पाणीपाळी संपली की कालवाही काही दिवस बंद ठेवतात.

या दोन्ही बाजू पाहिल्यावर मला असे वाटते की, पद्धतीच्या मुळाशी पत्ते, दोरे आणि फेऱ्या नाहीत. मुळाशी एक कबुली आहे : आपल्याला सगळे आधी माहीत नसते. ही कबुली दिली तर तेराचा पत्ता टाकणाऱ्या मुलीचे ऐकले जाते. न देता नुसत्या फेऱ्या केल्या तर भिंतीवरचा तोच जुना तक्ता दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करून टांगल्यासारखे होते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांना संस्थेच्या सगळ्या गरजा आधी सांगता आल्या असत्या का? नाही. शटलच्या अभियंत्यांना सांगता आल्या नाहीत, एफबीआयला सांगता आल्या नाहीत. ज्या गरजा वापरताना कळतात त्या वापरण्याआधी कोणालाच सांगता येत नाहीत. सांगण्यात ते कमी पडले नव्हते. विचारण्याची वेळच आम्ही बाराव्या महिन्यात ठेवली होती. रॉइस यांनी १९७० साली लिहून ठेवलेली गोष्ट आम्हाला १९९९ साली ठाऊक नव्हती, एवढाच बचाव मी माझ्या सहीसाठी करू शकतो. तो पुरेसा नाही, हेही मला माहीत आहे.

ते गृहस्थ आज हयात नाहीत. पतसंस्थेच्या कपाटात तो अहवाल अजून असेल. त्यावरचा निष्कर्ष चुकीचा होता, असे एका सही करणाराने इथे लिहून ठेवले आहे.